पावाच्या रांगेतला माणूस

दरवर्षी नववीच्या मुलींना मी ज्यूंच्या संहारावरचा एखादा चित्रपट दाखवते. इतिहासाच्या पुस्तकात नाझी राजवटीवर एक धडा आहे. नुसता तो धडा वाचून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, हे माझं नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचं मत, आणि ते बदलावं असं आजवर काही घडलेलं नाही. कोलकात्यात, बालीगंजमधल्या आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडक्यांना जाड काळे पडदे, समोर पांढरा पडदा, आणि डोक्यावर असे पंखे की पात्रांपेक्षा तेच जास्त बोलतात. मुलींना आत बसवायचं, दिवे घालवायचे आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. मी चित्रपट बघत नाही, मुलींना बघते.

मुली तऱ्हेतऱ्हेने बघतात. काहींचे रुमाल सुरुवातीची नावं संपायच्या आतच बाहेर येतात. घरूनच रडायचं ठरवून आलेल्या असतात. काही पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकवून डोळे मिटून घेतात. एखादी मन लावून शेवटपर्यंत बघते आणि दिवे लागल्यावर विचारते, "मिस, हे परीक्षेला येणार का?" आणि दरवर्षी एखाद-दुसरी तरी हसते. कैद्यांना कपडे काढायला लावतात तेव्हा, किंवा कुणी धडपडून चिखलात पडतं तेव्हा, अंधारातून फिस्सकन आवाज येतो. त्या मुलीला मी नाव घेऊन खोलीबाहेर काढायची. "इथे माणसं मरतायत आणि तुला हसू येतंय?" हे माझं ठरलेलं वाक्य. ते इतकं ठरलेलं होतं की मुली माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करायच्या, आणि ती म्हणे बरी जमायची.

राग नुसता मुलींवर नव्हता, चित्रपटांवरही होता. बर्फ पडत असतं, व्हायोलिन वाजत असतं, आणि जिचं सगळं घरदार गेलंय तिच्या गालावरून एकच अश्रू कसा अगदी सरळ रेषेत ओघळतो. शेवटी कुणीतरी वाचतं. दिग्दर्शकाला एक वाचलेला माणूस लागतोच, त्याशिवाय त्याला चित्रपट संपवता येत नाही. जे मेले ते मागे गर्दीत उभे राहून जातात. बघणारा रडून मोकळा होतो आणि फाटकाबाहेर उभं राहून झणझणीत फुचके, म्हणजे इथली पाणीपुरी, खातो. मला त्या मोकळं होण्याचाच संताप यायचा.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला ऐकवायची. तो बँकेत अधिकारी. नाशिकहून बदली होऊन कोलकात्याला आला, आणि काही वर्षांत परत जायचा तो माझ्यामुळे राहिला, असं त्याचं म्हणणं. माझी आई म्हणायची, माशांमुळे राहिला. मी जन्मानं इथलीच. आजोबा नोकरीसाठी आले आणि इथलेच होऊन गेले. आमची गाठ पडली मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीत. तालमीत अरे-तुरे सुरू झालं ते लग्नानंतरही तसंच राहिलं. आईला ते कधी पटलं नाही.

नाटकात त्याला कायम विनोदी काम. गोरापान, घारे डोळे, सरळ नाक. नायक व्हायला एवढं पुरलं असतं. पण तो रंगमंचावर आला की लोक त्यानं तोंड उघडायच्या आधीच हसायला लागायचे. नाटक संपवून घरी येताना टॅक्सीत त्याचा एकच विषय. "पिशवी लपवतो त्या जागेला हशा आला, पण गेल्या वर्षीएवढा नाही आला. नाही ना?" बँकेतली बढती तो विसरायचा, कुठल्या वर्षी कुठल्या जागेला हशा आला हे विसरायचा नाही.

माझ्या तक्रारी तो जेवता जेवता ऐकायचा. एकदा म्हणाला, "अगं, हसणाऱ्या मुलीला कशाला बाहेर काढतेस? तीच खरी बघत असेल."

"तुझं आपलं काहीतरीच."

"रडायचं कुठे हे चित्रपट सांगतो. व्हायोलिन वाजलं की रडायचं. त्यात हसायचं कुठे हे कुणी सांगत नाही, ते आपलं आपल्याला येतं. ज्याला येतं त्याला काहीतरी दिसलेलं असतं."

"तू नववीत असतास तर तुलाही बाहेर काढलं असतं," मी म्हणाले, आणि त्याला आणखी एक पोळी वाढली. तेव्हा तो वाढलेलं सगळं खायचा.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकला, मग केमो सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या, गाल आत गेले, मनगटाची हाडं वर आली. घारे डोळे तेवढे राहिले आणि ते पूर्वीपेक्षा मोठे दिसायला लागले. उपचार संपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता एकच काम करा, वजन वाढवा. थोडं थोडं खा, पण सारखं खा. त्या दिवसापासून मला जगात दुसरी इच्छा उरली नाही. त्याच्या पोटात अन्न जावं, बस. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. नाचणीची पेज. दुधात कुस्करलेली पोळी. मी समोर बसून प्रत्येक घासावर नजर ठेवायची. "गीळ," म्हणायची. गिळल्यावर तोंड उघडून दाखव, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

त्या वर्षी गणपतीत तो नाटकात नव्हता. पुढच्या रांगेत शाल पांघरून बसला होता. नाटक संपलं तसा आमचा मेकअपवाला त्याच्याजवळ आला. हे बंगाली गृहस्थ टॉलीगंजच्या स्टुडिओंमध्ये काम करतात आणि वर्षातून एकदा आमच्या मंडळातल्या बँक अधिकाऱ्यांना मिशा चिकटवून देतात. जुनी ओळख. "दादा, बुरा मत मानियेगा," म्हणून त्यांनी सुरुवात केली तेव्हाच मला शंका आली. एक मोठा हिंदी चित्रपट होणार होता. गोष्ट युरोपातल्या छळछावणीची, शूटिंग मात्र कोलकात्याजवळच्या बजबज गावी, एका बंद पडलेल्या ज्यूट मिलमध्ये. गोरे लोक हवे होते. गोरे मिळत होते, पण सगळे खाऊनपिऊन सुखी. ते गृहस्थ नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "ऐसा चेहरा मेकअप से नहीं बनता, दादा."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा शालीत तोंड खुपसून हसत होता.

घरी आल्यावर म्हणाला, "मी जाणार."

"वेड लागलंय तुला?"

"अगं, वर्षभर हे शरीर नुसतं सुया खातंय. पहिल्यांदाच कुणाला तरी ते हवंय. जसं आहे तसं हवंय."

"तुझ्या हाडांवर ते दुसऱ्यांचं मरण विकणार. लोक ते बघून रडणार आणि बाहेर जाऊन फुचके खाणार."

"खाऊ देत की. कुणीतरी खातंय ना." मग जरा थांबून म्हणाला, "एवढंच आहे, की हशाची जागा नाहीये. असं काम आयुष्यात पहिल्यांदाच करणार."

डॉक्टरांना विचारलं, या आशेनं की ते तरी नाही म्हणतील. ते म्हणाले, मन रमत असेल तर जाऊ द्या. मग मी म्हटलं, तू जाणार तर मी पण येणार, डबा घेऊन.

थंडी नुकती सुरू झाली होती. युनिटची गाडी आम्हाला बजबजला घेऊन गेली. मिलच्या आवारात बर्फ पडलेलं होतं. कसला तरी फेस आणि कागदाचा चुरा होता तो. गंगेवरून स्वच्छ ऊन येत होतं आणि त्या बर्फात कावळे काहीतरी शोधत होते. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चहाच्या पाण्यात बुचकळून जुने केले होते, आणि सगळ्या कैद्यांना चहाचा वास येत होता. कैदी म्हणजे काही अँग्लो-इंडियन म्हातारे, काही परदेशी विद्यार्थी आणि पुष्कळसे काश्मिरी शालवाले. हे लोक दर हिवाळ्यात शालींची गाठोडी घेऊन आमच्या भागात दारोदार फिरतात. त्यातला एक तर माझ्या आईच्या वेळेपासून आमच्याकडे येणारा. डोकं भादरून, छातीवर पिवळा तारा लावून उभा होता. मला बघून बिचारा लाजला. म्हणाला, "इस साल ठंड ही नहीं पड़ी, दीदी."

जेवणाच्या सुट्टीत सगळे कैदी बिर्याणीच्या रांगेत उभे राहिले. इथल्या बिर्याणीत बटाटा असतो, आणि बूट-टोपीतला नाझी अधिकारी आपल्याला बटाटा मिळाला नाही म्हणून वाढणाऱ्याशी भांडत होता. मला एकदम हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तरी आवरेना. नवरा शेजारी बसून माझ्या हातचा मऊ भात चिवडत होता. भुवया नसलेलं कपाळ वर उडवून, माझ्याच आवाजात म्हणाला, "इथे माणसं मरतायत आणि तुला हसू येतंय? चल, हो वर्गाबाहेर." आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यानंतर आम्ही एकत्र तसे हसल्याचं मला आठवत नाही.

दुपारी त्याचं काम होतं. पावाची रांग. कैदी एकेक करून पुढे येतात, त्यांच्या हातावर काळसर पावाचा तुकडा पडतो, आणि कॅमेरा माझ्या नवऱ्यावर थांबतो. त्यानं तो पाव अधाशासारखा खायचा. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात, डबा आणि थर्मास धरून उभी होते.

पहिल्या वेळी त्यानं मोठा घास घेतला आणि त्याला उचकी लागली. पाणी दिलं. दुसऱ्या वेळी घास तोंडात घोळत राहिला, खाली उतरेना. दिग्दर्शक तरुण होता, शांतपणे समजावत होता, की अंकल, कित्येक दिवस पोटात काही नाही, असं खायचं. माझं डोकं फिरलं. ज्याचं जठर कापलंय त्याला तुम्ही भूक शिकवताय, असं मी सगळ्यांसमोर ओरडले. सगळं युनिट माझ्याकडे बघायला लागलं. नवरा रांगेतूनच म्हणाला, "अगं, थांब. जमतंय मला."

तिसऱ्या वेळी त्यानं पाव खाल्लाच नाही. हातावर घेतला. डोळे हळूच बाजूला नेले, क्षणभर काहीतरी अंदाज घेतला, आणि तो तुकडा इतक्या सफाईनं सदऱ्याच्या आत सरकवला की आधी मलाही कळलं नाही. मग जबडा हलवत राहिला, जणू खातोय. दिग्दर्शक "कट" म्हणाला. मग टाळ्या वाजवायला लागला, तशा सगळ्यांनीच वाजवल्या. शालवाल्यानं वाजवल्या, नाझी अधिकाऱ्यानंही वाजवल्या.

परतताना गाडीत मी विचारलं, "कुठून सुचलं रे तुला?"

"सुचलं झालं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

काही दिवसांनी चित्रपटाच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. फार अदबीनं बोलत होती. अंकलचं काम सगळ्यांना आवडलंय, फेब्रुवारीत त्यांचे आणखी दोन दिवस ठेवलेत, तोवर त्यांनी प्लीज वजन वाढवू नये. नाहीतर आधीच्या शूटिंगशी जुळणार नाही. मी तिला म्हटलं, बाळ, तुला आई आहे का? मी फोन ठेवला. पण नवऱ्याला ते कळलंच.

त्यानंतर त्याचं खाणं कमी झालं. मी भात वाढला की म्हणायचा, "अर्धाच. फेब्रुवारीपर्यंत जपायला हवं." पेज पुढे केली की, "अगं, जाड दिसलो तर काम जाईल माझं." मी संतापायची. "एका भिकार सिनेमासाठी उपाशी मरणार आहेस का?" असंही बोलले. तो हसायचा. "मोठमोठे नट वजन कमी करतात, त्यांचे फोटो पेपरात येतात. मी केलं तर शिव्या?" मुलगी हैदराबादला असते, तिला फोन करून मी तक्रार केली, की तुझ्या बापानं म्हातारपणी नटाची थेरं सुरू केलीत. ती त्याला फोनवर रागावली. तिलाही त्यानं हसवलं.

मग मी समोरून हलेनाशी झाले. पोळीचा तुकडा हातात दिला की तो खाल्लेला दिसेपर्यंत बसायची. तो चावायचा, माझ्याशी बोलायचा, दाराची घंटा वाजली की मला उठवायचा. ताट रिकामं झालं की मला बरं वाटायचं. तरी वजन उतरतच होतं. मला वाटायचं, मी शाळेत गेले की हा काही खात नाही. शाप द्यायची त्या दिग्दर्शकाला.

जानेवारी संपता संपता एके सकाळी त्याला पाणीसुद्धा उतरेना. दवाखान्यात नेलं. गाठ परत आली होती आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी आली होती. डॉक्टर म्हणाले, गिळायला बरेच दिवस त्रास होत असणार, यांनी सांगितलं कसं नाही? मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी हेही सांगितलं, की आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. ते खरंच असेल. चांगले डॉक्टर होते.

फेब्रुवारीचं काम झालंच नाही. मार्चमध्ये तो गेला. शेवटच्या दिवसांत मी त्याच्या ओठांना ओला कापूस लावायची, आणि तो डोळ्यांनीच म्हणायचा, पुरे.

त्याचे कपडे मी बरेच दिवस काढले नाहीत. पावसाळ्यात कपाटाला वास यायला लागला म्हणून एका रविवारी काढायला बसले. त्याचं एक खादीचं जाकीट होतं, त्या हिवाळ्यात ते अंगातून काढायचा नाही. मी आपली, थंडी वाजत असेल, असं समजायची. खिशात हात घातला तर आत कागदी रुमालाच्या पुड्या. एक उघडली. पोळीचे तुकडे, वाळून कडक झालेले. दुसऱ्या खिशातही तेच. आतल्या खिशात भाताचं वाळलेलं ढेकूळ, मेतकुटाचा पिवळा रंग अजून त्यावर होता.

वजन जपायचं होतं, सिनेमा होता, नटाची थेरं होती, ते सगळं खोटं होतं. त्याला घास उतरत नव्हता. आणि मला ते कळू नये म्हणून त्यानं सिनेमा पुढे केला. मी सिनेमावर चिडलेली त्याला चालत होती, मी घाबरलेली चालत नव्हती. किती दिवस त्यानं माझ्यासमोर बसून, माझ्याशी गप्पा मारत, चावत चावत, माझ्या हातचं अन्न खिशात घातलं असेल. त्या दिवशी मी जे रडले तसं तो गेला तेव्हाही रडले नव्हते.

चित्रपट लागला तो पुढच्या हिवाळ्यात. मंडळानं दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, कुणीतरी सगळ्यांना पॉपकॉर्न वाटलं. मला मधल्या खुर्चीवर बसवलं, जसं बक्षीस समारंभाला बसवतात. पडद्यावर बर्फ पडत होतं. व्हायोलिन होतंच. पावाची रांग आली आणि आमच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "दिसला, दिसला!" टाळ्या पडल्या, एकानं शिट्टीही वाजवली. आमच्या लोकांना वाईट म्हणू नका. दरवर्षी तो रंगमंचावर आला की ते असंच करायचे. मागून बंगाली प्रेक्षक डाफरले, तशी आमची रांग ओशाळून गप्प झाली.

पडद्यावर त्याचा चेहरा. एवढा मोठा मी तो कधी पाहिला नव्हता. पाव हातावर आला. डोळे बाजूला गेले. आणि तिथे दिग्दर्शकानं मध्ये दुसरं दृश्य जोडलं होतं. कुत्रा घेऊन उभा असलेला पहारेकरी. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हा त्या पहारेकऱ्याचा अंदाज घेतोय. मग परत त्याचा चेहरा, आणि पाव सदऱ्यात. अख्ख्या थिएटरमध्ये हुंदके ऐकू आले. माझ्या पलीकडे बसलेली अनोळखी बंगाली बाई "आहा रे, आहा रे" म्हणत डोळे पुसत होती.

तिथे पहारेकरी नव्हता. त्या दुपारी त्याच्या त्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात, डबा घेऊन मी उभी होते. त्यानं माझा अंदाज घेतला होता. घरी रोज घ्यायचा तसाच. डिसेंबरातच, फेब्रुवारीची भाषा सुरू व्हायच्या आधीपासूनच, त्याला घास उतरत नव्हता. ते त्यानं माझ्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, सगळ्या युनिटसमोर करून दाखवलं होतं, आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या जागी आता कुत्रेवाला शिपाई उभा होता. मला वाटलं, ठीकच आहे, घासाघासावर मीच तर पहारा करत होते. ते वाटणं काही केल्या जाईना.

बाहेर आल्यावर मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "काय भूक दाखवली हो त्यानं!" मी मान हलवली. काय सांगणार? त्या छावण्यांमधल्या माणसांकडे भूक होती आणि अन्न नव्हतं. आमच्याकडे अन्नाला तोटा नव्हता आणि भूक नव्हती. त्या लोकांसाठी म्हणून जे अश्रू आले ते माझ्या नवऱ्याच्या हाडांवर सांडले, आणि माझ्या नवऱ्यासाठी त्या थिएटरात कुणीच रडलं नाही. मला दोन्हीकडून चोरी झाल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन मी जेवले नाही.

शाळेत मुख्याध्यापिका मागे लागल्या, आपल्याच शहरात तयार झालेला चित्रपट आहे, तोच दाखवा. एक वर्ष मी टाळलं. या वर्षी दाखवला. इतिहासाचं कारण सांगितलं, पण खरं सांगायचं तर मला त्याला बघायचं होतं. घरच्या छोट्या पडद्यावर एकटीनं बघायचा धीर नव्हता. मुलींना काही माहीत नव्हतं. मिसचे यजमान वारले एवढंच त्यांना ठाऊक, आणि त्यांनी त्याला पाहिलेलं होतं ते फोटोत, केसांसकट.

काळे पडदे ओढले, दिवे घालवले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. या वेळी मुलींकडे बघितलं नाही. रांग आली, पाव आला, डोळे बाजूला गेले, पहारेकरी आला. मुली नाकं ओढायला लागल्या. आणि तेवढ्यात पुढून फिस्सकन आवाज आला.

माझ्या तोंडातून सवयीनं त्या मुलीचं नाव गेलं. मी चित्रपट थांबवला, दिवा लावला. ती उभी राहिली. अभ्यासात यथातथा, सदा खिडकीबाहेर बघणारी मुलगी. आधीच रडवेली झाली होती.

"काय झालं हसायला?" मी विचारलं. ठरलेलं वाक्य का कोण जाणे, आलं नाही.

"सॉरी, मिस."

"सॉरी नको. काय दिसलं ते सांग."

ती चाचरत इंग्रजीत सुरुवात करून बंगालीवर आली. तिच्या बाबांना डायबेटिस आहे. आई त्यांच्यावर फार लक्ष ठेवते. बाबा आईपासून संदेश मिठाई लपवतात ना, जेवणाच्या टेबलाखालून खिशात घालतात, तेव्हा अगदी असंच बघतात. "मिस, तो त्या शिपायाला घाबरलेला नाहीये. बाकीचे सगळे घाबरलेत, तो नाही. तो त्याच्या बायकोला घाबरतोय."

एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग सगळी खोली हसायला लागली, रुमालवाल्यासुद्धा, नाकं पुसता पुसता. समोर पडद्यावर तो तसाच थांबला होता, सदऱ्यात हात, डोळे बाजूला. मुली माझ्याकडे बघत होत्या, आता मिस ओरडणार म्हणून, आणि मी ओरडत नाही हे बघून आणखी हसत होत्या.

मी त्यांना हसू दिलं. पुरतं हसून होईपर्यंत दिवा घालवला नाही. इतका मोठा हशा त्याला मंडळाच्या कुठल्याही नाटकात मिळाला नव्हता, आणि हे सांगायला संध्याकाळी घरी कुणी नव्हतं.